टेक्ससच्या आडवळणाच्या काउंटीत एखाद्यावरच्या केसेस कशा शोधायच्या?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही डॅलसजवळ राहता आणि मित्राबरोबर पश्चिम टेक्ससमधल्या एका लहान काउंटीत मोटेल विकत घेताय. तिथला मॅनेजर जुना आहे, त्यालाच पुढे ठेवायचा विचार आहे. पण गावातल्या कोणीतरी कानावर घातलं की हा माणूस ‘आत जाऊन आलाय’. काउंटीच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधायची सोय नाही. मग तुम्ही एका झटपट बॅकग्राउंड चेकवाल्या साइटला पैसे भरले. तिने त्या नावावर दोन केसेस दाखवल्या: एक चोरीची, एक दारू पिऊन गाडी चालवल्याची. दोन्हींपुढे निकालाचा रकाना कोरा. आता हे खरं मानायचं का, मूळ रेकॉर्ड बघायला मिळतं का आणि वकील लागेल का, हे तुम्ही विचारलंय.

वकील लागणार नाही, आणि रेकॉर्ड बघायला मिळतं. साइटने दाखवलेलं मात्र तूर्त बाजूला ठेवा. मी स्वतः वकील नाही. वकिलांच्या ऑफिसांना आणि बॅकग्राउंड चेक करणाऱ्या कंपन्यांना टेक्ससमधल्या कोर्टांतून कागद काढून देणं हे माझं काम आहे, आणि त्यातलं बरंचसं काम जिथे ऑनलाइन काहीच मिळत नाही अशाच काउंट्यांमध्ये चालतं. तेव्हा शोधायचं कसं आणि सापडलेला कागद वाचायचा कसा, एवढं सांगते. त्या माणसाला ठेवायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत कोणाही खासगी माणसाला उघडता येईल असं एकच एक गुन्ह्यांचं रजिस्टर नाही. एफबीआयकडे आहे, पण ते तुमच्या-माझ्यासाठी नाही. बाकी सगळं रेकॉर्ड तीन हजारांहून अधिक काउंट्यांच्या कोर्टांत विखुरलेलं आहे. विस्कॉन्सिन, आयोवा, मिझुरी, पेनसिल्व्हेनिया अशा काही राज्यांत घरबसल्या एका पोर्टलवर राज्यभरच्या केसेस दिसतात. टेक्ससमध्ये तसं नाही. इथे २५४ काउंट्या, प्रत्येकीतला क्लार्क, म्हणजे कोर्टाचं दप्तर सांभाळणारा अधिकारी, निवडून आलेला, त्याचं बजेट वेगळं आणि सॉफ्टवेअरही. त्यामुळे ‘याच्यावर रेकॉर्ड आहे का?’ या प्रश्नाला इथे सरळ उत्तर नसतं. ‘कोणत्या ऑफिसात, कोणत्या वर्षांत आणि नावाच्या कोणत्या स्पेलिंगने शोधलं?’ हे सांगितल्याशिवाय ‘काही सापडलं नाही’ याला माझ्या धंद्यात काडीची किंमत नाही.

आता ऑफिसं. ही वाटणी कळली की निम्मं काम झालं. टेक्ससमध्ये गंभीर गुन्हा, म्हणजे फेलनी, डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतो आणि त्याची फाइल डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असते. त्याखालचे क्लास ए आणि क्लास बी मिस्डिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्हे, काउंटी कोर्टात चालतात, त्यांची फाइल काउंटी क्लार्ककडे. ज्यात फक्त दंड होतो, तोही ५०० डॉलरपर्यंत, ते क्लास सी गुन्हे जस्टिस ऑफ द पीसकडे (जे.पी., म्हणजे किरकोळ खटल्यांचा स्थानिक न्यायाधीश) किंवा गावाच्या म्युनिसिपल कोर्टात जातात. तुमच्या साइटवरची दारूची केसच घ्या. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला तर साधारणपणे क्लास बी, म्हणजे काउंटी क्लार्क. तिसऱ्यांदा पकडला गेला तर फेलनी, म्हणजे डिस्ट्रिक्ट क्लार्क. गाडीत नुसती उघडी बाटली सापडली तर क्लास सी, म्हणजे जे.पी. एकाच माणसाची एकच खोड, पण कागद तीन ऑफिसांत. चोरीचंही तसंच, तिथे मालाची किंमत ठरवते: १०० डॉलरच्या आत क्लास सी, ७५०च्या आत क्लास बी, २,५००च्या आत क्लास ए आणि त्यापुढे फेलनी. हे आकडे २०१५ पासूनचे आहेत. त्याआधी सगळ्या मर्यादा खालच्या होत्या, त्यामुळे जुन्या केसमध्ये आज किरकोळ वाटणारी चोरीही फेलनी म्हणून नोंदलेली दिसू शकते.

यातही एक गोम आहे आणि ती बाहेरून येणाऱ्यांना हमखास चकवते. टेक्ससच्या पीनल कोडमध्ये १२.४४ नावाचं कलम आहे. सगळ्यात खालच्या दर्जाची फेलनी, जिला ‘स्टेट जेल फेलनी’ म्हणतात, ती या कलमाखाली क्लास ए मिस्डिमीनर म्हणून चालवता येते, किंवा फेलनीच ठेवून शिक्षा तेवढी मिस्डिमीनरची देता येते. दोन्हींत फरक मोठा आहे: मिस्डिमीनर म्हणून चालवली तर माणूस फेलन ठरत नाही, फेलनीच ठेवली तर ठरतो. फाइल मात्र दोन्ही वेळा डिस्ट्रिक्ट क्लार्ककडेच असते. म्हणजे मिस्डिमीनर शोधायला फक्त काउंटी क्लार्ककडे गेलात तर ही केस सुटते, आणि निकालपत्र न वाचता नुसता ‘फेलनी’ हा शिक्का पाहिलात तर माणसावर अन्याय होतो.

लहान काउंटीत एक सोयही असते. लोकसंख्या ८,०००च्या आत असेल तर एकच माणूस डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशा दोन्ही क्लार्कचं काम पाहू शकतो, राज्याच्या घटनेतच तशी तरतूद आहे. तुमची काउंटी बहुधा त्यातलीच असेल. खिडकी एकच असली तरी अनुक्रमणिका दोन असतात. समोरच्या बाईंनी ‘नाही सापडलं’ म्हटलं की ‘फेलनी आणि मिस्डिमीनर दोन्ही पाहिलंत ना?’ हे हसून विचारायचं. राग येत नाही कोणाला.

आता या भागाचा पसारा लक्षात घ्या. ब्रूस्टर काउंटी क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा किंचित मोठी आहे, आणि २०२०च्या जनगणनेत तिथे माणसं होती साडेनऊ हजार. लव्हिंग काउंटीत तर ६४. अशा मुलखात माणसं कामासाठी, बाजारासाठी, तेलाच्या विहिरींवर मजुरीसाठी सतत काउंटीच्या हद्दी ओलांडत असतात. आणि केस नोंदली जाते ती गुन्हा जिथे घडला तिथे, माणूस राहतो तिथे नव्हे. इंटरस्टेट १० या महामार्गावरच्या सिएरा ब्लँका चेकपॉइंटवर कुत्र्यांनी हुंगून काढलेल्या चिमूटभर गांजाच्या कितीतरी केसेस हडस्पेथ काउंटीच्या दप्तरात पडून आहेत. त्यातले बहुतेक लोक नुसते तिथून गाडीने जात होते, काही तर नावाजलेले गायक होते. तेव्हा तुमच्या मॅनेजरचं नाव त्याच्या राहत्या काउंटीत सापडलं नाही, तर आजूबाजूच्या दोन-तीन काउंट्या आणि तो आधी जिथे राहत होता ती काउंटी, एवढं तरी बघायलाच हवं. या भागातले लोक मोठ्या खरेदीला ओडेसा-मिडलंडला जातात. शनिवारी रात्रीच्या भानगडीही बऱ्याचदा तिकडच्याच.

सीमेजवळचा मुलूख असल्याने फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कोर्ट विसरू नका. बॉर्डर पेट्रोलने, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाने, धरलेल्या ड्रग्जच्या किंवा माणसं चोरून नेल्याच्या बऱ्याच केसेस काउंटीत येत नाहीत, त्या थेट फेडरल कोर्टात जातात. पश्चिम टेक्ससचा सीमेजवळचा भाग ‘वेस्टर्न डिस्ट्रिक्ट’मध्ये मोडतो, आणि त्याच्या शाखा एल पासो, पेकोस, डेल रिओ, मिडलंड-ओडेसा अशा ठिकाणी आहेत. शोधायला कुठे जावं लागत नाही. पेसर नावाची फेडरल कोर्टांची साइट आहे, तिच्यावर खातं उघडा आणि देशभराच्या ‘केस लोकेटर’मध्ये नाव टाका. पानाला १० सेंट पडतात, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर तेही माफ. अडचण एकच: तिथे जन्मतारीख नसते, त्यामुळे नाव जुळलं तरी माणूस तोच आहे हे वेगळं पडताळावं लागतं.

मी स्वतः कामाला कुठून लागते, ते सांगते. पहिली पायरी राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीची, म्हणजे डीपीएसची, नावावरून शोधायची साइट. थोडक्या पैशांत राज्यभरच्या शिक्षा आणि डिफर्ड ॲडजुडिकेशनच्या नोंदी दिसतात (हे डिफर्ड काय ते पुढे येतंय). तिचा उपयोग नकाशासारखा करायचा: कोणत्या काउंटीत, कोणत्या साली काही घडलंय का, एवढं कळतं. तिच्यावर विसंबून मात्र राहायचं नाही. काउंटीने निकाल कळवला तरच तो तिथे चढतो. राज्याचं अनुदान मिळायला काउंटीने ९० टक्के निकाल कळवलेले असावे लागतात, म्हणजे नियम पाळणाऱ्या काउंटीचेही काही कागद राहून गेलेले असू शकतात. क्लास सी तर तिथे येतच नाही. ‘आत जाऊन आलाय’ हे पडताळायला अनेकजण राज्याच्या तुरुंग खात्याच्या साइटवर जातात. ती ऑनलाइन फक्त सध्या तुरुंगात असलेल्यांना दाखवते, सुटून आलेल्यांना नाही. शिवाय शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, कोठडीत एक रात्र काढलेला माणूसही गावाच्या लेखी ‘आत जाऊन आलेला’ असतो.

मग कोर्टहाउसला फोन. इथे कसं बोलता यावर बरंच अवलंबून आहे. ‘मला एका माणसाचा बॅकग्राउंड चेक करायचाय’ असं म्हणालात की ‘आम्ही बॅकग्राउंड चेक करत नाही’ हे ठरलेलं उत्तर येईल, आणि ते खोटंही नसतं. क्लार्कने रेकॉर्ड उपलब्ध करून द्यायचं असतं, तुमच्यासाठी तपास करायचा नसतो. त्याऐवजी सांगा: ‘अमुक नावाच्या आरोपीसाठी १९९० पासून आजवरचा फेलनी आणि मिस्डिमीनर इंडेक्स बघून हवाय, जन्मतारीख ही, फी किती आणि अर्ज कसा पाठवू?’ या भाषेत विचारलं की समोरच्याला कळतं की नेमकं कोणतं कपाट उघडायचंय. काही क्लार्क फोनवरच बघून सांगतात, काही लेखी अर्ज मागतात, काहींना अजून मनी ऑर्डरच लागते. नकलेचा दर पानाला एक डॉलरच्या आसपास, सही-शिक्क्याची नक्कल हवी असेल तर त्यावर थोडे जास्त. कोर्टाची तारीख असलेल्या दिवशी फोन करू नका. एकाच न्यायाधीशाकडे चार-पाच काउंट्या असतात, तो ज्या दिवशी गावात येतो त्या दिवशी क्लार्कला पाणी प्यायला फुरसत नसते. दुपारी बारा ते एक ऑफिस बंद असू शकतं, हेही विचारून ठेवा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर उत्तमच, नाहीतरी मोटेल बघायला जाणारच आहात. लॉबीत बहुतेक ठिकाणी लोकांसाठी एक कॉम्प्युटर असतो. त्यावर किती मागचं दिसतं हे आधी विचारा, कारण संगणकावर रेकॉर्ड कधीपासून घेतलं ते प्रत्येक काउंटीचं वेगळं असतं. त्याआधीचं सगळं बांधीव वह्यांत किंवा मायक्रोफिल्मवर. वहीत आरोपींची नावं आडनावाच्या पहिल्या अक्षराने गटवार आणि मग तारखेने लावलेली सापडतात, म्हणजे एका अक्षराची सगळी पानं नजरेखालून घालावी लागतात. कंटाळवाणं आहे, पण जुनी चोरीची केस असली तर तिथेच मिळेल. नाव मिळालं की त्यापुढचा कॉज नंबर, म्हणजे खटल्याचा क्रमांक, उतरवून घ्या आणि त्या नंबरची फाइल मागा. नुसत्या वहीतल्या ओळीवर थांबू नका.

फाइल हातात आली की कागद कोणता आहे ते पाहायचं. फेलनीत सहसा ग्रँड ज्युरीचं (खटला भरण्याइतका आधार आहे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) आरोपपत्र असतं, त्याला इंडाइटमेंट म्हणतात. मिस्डिमीनरमध्ये सरकारी वकिलाचं ‘इन्फर्मेशन’. हे दोन्ही नुसते आरोप. तुम्हाला हवा असतो शेवटचा कागद: शिक्षेचं निकालपत्र, खटला काढून टाकल्याचा आदेश किंवा डिफर्ड ॲडजुडिकेशनचा आदेश. हे तिसरं प्रकरण नीट समजून घ्या, कारण टेक्ससमध्ये ते पदोपदी भेटतं. यात आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा लढत नाही म्हणतो, पण न्यायाधीश त्याला दोषी ठरवत नाही. ठराविक काळ देखरेखीखाली ठेवतो, आणि तो काळ नीट पार पडला की खटला रद्द होतो. म्हणजे शिक्षा झालेली नाही, तरी फाइल कायम असते. मध्येच त्याने अटी मोडल्या तर सरकार दोषी ठरवण्याचा अर्ज करतं, त्यामुळे डिफर्डचा आदेश दिसला तर त्यापुढची पानंही चाळायची. तुमच्या दारूच्या केसला मात्र एक सोपी कसोटी आहे: २०१९च्या सप्टेंबरपूर्वी घडलेल्या दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात डिफर्डची सोयच नव्हती. तेव्हा केस त्याआधीची असेल तर शिक्षा झाली, माणूस सुटला किंवा दुसऱ्या एखाद्या कलमावर तडजोड झाली, यातलंच काहीतरी असणार.

निकालाचा रकाना कोरा का दिसतो, हेही यातूनच कळेल. त्या साइट्स काउंट्यांकडून किंवा दलालांकडून घाऊक यादी विकत घेतात, बऱ्याचदा ती अटकेची किंवा केस दाखल झाल्याची असते. पुढे काय झालं ते कोणी परत येऊन भरत नाही. खटला सहा महिन्यांत निकाली निघून माणूस सुटला असला तरी साइटवर तो वीस वर्षं आरोपीच राहतो.

याच्या उलटही घडतं, आणि लहान काउंटीत ते जास्त घडतं. माणसाला फेलनीसाठी अटक झालेली आहे, पण डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे त्याच्या नावाचा कागदच नाही. कारण ग्रँड ज्युरीने आरोप निश्चित करेपर्यंत सहसा तिथे केस उभी राहत नाही, आणि लहान काउंटीत ग्रँड ज्युरी वर्षातून मोजक्याच वेळा बसते. मधल्या काळात अटकेचे कागद शेरीफकडे आणि जामिनाचे बहुधा जे.पी.कडे असतात. अलीकडच्या काळाबद्दल शंका असेल तर शेरीफच्या ऑफिसात लेखी अर्ज करा. टेक्ससच्या पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली अटकेची मूळ माहिती, म्हणजे कोण, कधी, कशासाठी, ही उघड असते. त्यांना काही रोखायचं असेल तर १० कामकाजाच्या दिवसांत ॲटर्नी जनरलचं मत मागावं लागतं. हाच कायदा घेऊन क्लार्कच्या खिडकीवर मात्र जाऊ नका. तो कोर्टांना लागू नाही, आणि कायद्याचा नंबर फेकणाऱ्या नवख्याकडे कोर्टहाउसात कसं बघतात ते मी पाहिलंय.

तर आतापर्यंतचा क्रम असा झाला: डीपीएसवरून अंदाज, मग क्लार्ककडे दोन्ही इंडेक्स, लागल्यास जे.पी., शेजारच्या काउंट्या, पेसर, आणि अलीकडचं काही असेल तर शेरीफ. आता उरतो सगळ्यात निसरडा भाग, तो म्हणजे नाव.

लहान गावात एकाच नावाचे बाप, मुलगा आणि पुतण्या असतात, आणि तिघेही कधी ना कधी कोर्टाची पायरी चढलेले असतात. नावापुढचं ‘ज्युनियर’ क्लार्कने लिहिलेलं असेलच असं नाही. पश्चिम टेक्ससमध्ये मेक्सिकन वळणाची नावं भरपूर, त्यात वडिलांकडचं आणि आईकडचं अशी दोन आडनावं येतात. लायसन्सवर एक, कोर्टात दुसरं किंवा मध्ये जोडरेघ. तुमच्या मॅनेजरचं नाव तसं असेल तर दोन्ही आडनावांखाली स्वतंत्र शोध घ्यायचा. (आपल्या लोकांनाही हे नवं नाही. मधलं नाव वडिलांचं, स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि लायसन्सवर दुसरं; आपल्याच एखाद्या देशपांडेंना शोधायचं तर मी किमान तीन प्रकारांनी शोधते.) नाव जुळलं की पुढची कसोटी जन्मतारीख. ऑनलाइन ती बऱ्याचदा झाकलेली असते किंवा नुसतं साल दिसतं. फाइलमधल्या अटकेच्या कागदावर, तक्रारीत किंवा निकालपत्रावर पत्ता, वय, लायसन्स नंबर आणि बोटांच्या ठशांवरून दिलेला राज्याचा ओळख क्रमांक, म्हणजे एसआयडी, यातलं काहीतरी सापडतं. माझा नियम: नावाव्यतिरिक्त दोन खुणा जुळल्याशिवाय ‘हाच तो’ असं लिहून द्यायचं नाही. एकच जुळत असेल तर अहवालात ‘ओळख पटली नाही’ असं लिहायचं, ग्राहक कितीही घाईत असला तरी. तुमच्या साइटवरच्या दोन केसेस दोन वेगळ्या माणसांच्या असण्याची शक्यता मला भरपूर वाटते.

काही गोष्टी दिसणारच नाहीत, आणि त्या दिसू नयेत असाच कायदा आहे. अल्पवयीनांचं रेकॉर्ड गोपनीय असतं. टेक्ससमध्ये फौजदारी कोर्टासाठी १७ वर्षांचा मुलगा प्रौढ धरला जातो, हे तेवढं लक्षात ठेवा. एक्सपंक्शनचा आदेश झाला की रेकॉर्ड नष्टच होतं आणि त्या माणसाला अटक झालीच नव्हती असं म्हणायचा हक्क मिळतो. नॉनडिस्क्लोजरचा आदेश झाला की फाइल सरकारी यंत्रणांपुरती उरते, तुमच्यासाठी नाही. अशा वेळी क्लार्क ‘नोंद नाही’ एवढंच सांगणार. साइटवर केस आहे आणि कोर्टहाउसात नाही, असं झालं तर याही शक्यतेचा विचार करा आणि तिथे खोदत बसू नका.

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण तुम्ही हे नोकरीसाठी वापरणार आहात. त्या झटपट साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असेल की ही माहिती नोकरीच्या निर्णयासाठी वापरू नये. ते गंमत म्हणून लिहिलेलं नसतं. नोकरीसाठी कंपनीकडून अहवाल घ्यायचा तर फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट लागतो: माणसाची आधी लेखी संमती, आणि अहवालामुळे नाकारणार असाल तर नाकारण्याआधी त्याला अहवालाची प्रत आणि त्याच्या हक्कांचा कागद. शिक्षेपर्यंत न पोचलेल्या सात वर्षांहून जुन्या अटका अशा कंपन्यांनी सहसा द्यायच्याही नसतात; पगार ७५,००० डॉलर किंवा जास्त असेल तर ती मर्यादा नाही. तुम्ही स्वतः कोर्टहाउसात जाऊन फाइल वाचलीत तर हे नियम तसे लागत नाहीत, पण रीत तीच पाळावी असं माझं मत. नोकरीतल्या भेदभावावर लक्ष ठेवणाऱ्या ईईओसी या फेडरल संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शनातही नुसती अटक म्हणजे गुन्हा घडल्याचा पुरावा नव्हे असं स्पष्ट सांगितलंय. गुन्हा काय, किती जुना आणि कामाशी त्याचा संबंध काय, हे तीन प्रश्न विचारायचे. मोटेलच्या मॅनेजरकडे खोल्यांच्या किल्ल्या आणि गल्ला असतो, तेव्हा चोरीची शिक्षा असेल तर तिचा विचार करायलाच हवा. पंधरा वर्षांपूर्वीच्या दारूच्या केसचा त्या किल्ल्यांशी काय संबंध, हे मला तरी सांगता येणार नाही. पाहुण्यांना न्यायला-आणायला गाडी चालवणं त्याच्या कामात असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, खरं तर डीपीएसच्याही आधी, त्या माणसाला विचारा. संमतीचा कागद पुढे ठेवा आणि सरळ म्हणा, ‘आम्ही सगळ्यांचंच रेकॉर्ड बघणार आहोत, काही असेल तर कुठलं आणि कधीचं ते सांगा, म्हणजे आम्ही नीट शोधू.’ बहुतेक लोक सांगतात. त्याने काउंटी आणि साल सांगितलं की तुमचे हेलपाटे वाचतात, आणि त्याने सांगितलेलं फाइलशी जुळलं तर माणसाबद्दल जे कळतं ते कुठल्याच इंडेक्सात नसतं. पूर्ण जन्मतारीख आणि आधीची नावंही त्याच कागदावर घ्या, क्लार्कच्या खिडकीवर ती लागणारच आहेत.

मोटेलचा व्यवहार पूर्ण व्हायची तारीख कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. महिन्याभराच्या आत असेल तर पोस्टाने अर्ज पाठवू नका, स्वतः जा किंवा तिथल्याच एखाद्या कोर्ट रिसर्चरला सांगा. क्लार्ककडून लेखी उत्तर घेताना त्यात कोणता इंडेक्स, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि कोणत्या नावांनी पाहिला, हे लिहून मागा. त्या साइटवर केस नंबर दिसत असतील तर तेही अर्जात घाला. त्यांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून काउंटीचा क्लार्क एका नजरेत सांगतो की ही केस आमच्याकडची आहे की नाही.